जे फिरते त्याले बोट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता यमुताई धकाते यांनी पाटावरचा डिस्ट्रिब्यूटर उचलला, उजेडात धरून दोनदा फिरवला आणि सुनेला हाक मारली.

"श्वेता, हे कोणं घासलं वं?"

"मी घासलं. निघालं न मस्त?"

मस्त निघालं होतं, यात वाद नव्हता. पस्तीस वर्षांच्या पद्मिनी गाडीचा तेलकट काळा डिस्ट्रिब्यूटर देवाच्या तांब्या-पळीसोबत राख, लिंबू आणि नारळाच्या काथ्यानं घासला गेला होता आणि त्यांच्याइतकाच लखलखत होता. पाणी आत जाऊ दिलं नव्हतं, वरून झाकण घट्ट बसवून घासला होता, एवढी अक्कल श्वेतानं दाखवली होती. फक्त त्याच्या अंगावरची एक गोष्ट गेली होती.

"याच्यावर एक पांढरी रेघ होती."

"हाव न! लय चिवट होती. अर्धा तास लागला मले ती काढाले."

यमुताईंनी डिस्ट्रिब्यूटर खाली ठेवला. बोलायला सुरुवात केली असती तर दुपार झाली असती, आणि दुपारी साडेबाराला त्यांना आरटीओच्या मैदानात गाडी उभी करायची होती.

नागपूरजवळच्या वाडीतून अमरावती रोडनं जाणाऱ्या कुणालाही धकाते ऑटो इलेक्ट्रिक ठाऊक असतं. एका बाजूला ट्रान्सपोर्टची गोदामं, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान आणि मधे पत्र्याचं शेड. शेडमागे दोन खोल्यांचं घर. शेडसमोर मळखाऊ निळ्या रंगाची नव्वद सालची पद्मिनी. यमुताई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. ट्रकचा सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, वायरिंग, जे जे बिजलीवर चालतं ते त्या दुरुस्त करतात. त्यांचे मालक लहानू धकाते नऊ वर्षांपूर्वी गेले. पाटी त्यांनी लावलेली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून निम्मं काम यमुताईंचंच होतं.

त्या उमरेडच्या. घरात माग होता. सातव्या वर्षापासून त्या कांड्या भरत. धोट्यात बसणाऱ्या त्या कांडीवर सूत सैल पडलं तर विणताना अडकतं आणि ताणलं तर तुटतं. लग्न होऊन वाडीला आल्या तेव्हा लहानूंनी जळालेल्या सेल्फचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा गाभा, घरी आणून, तांब्याची तार त्याच्या खाचांमधून कशी गुंडाळायची ते दाखवायला सुरुवात केली. अर्धं दाखवून होईपर्यंत यमुताईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, "हे त कांडीच आहे." त्या दिवसापासून दुकानाचं सगळं वाइंडिंग घरी, चुलीपाशी होऊ लागलं. गिऱ्हाईक लहानूंच्या हाताची तारीफ करत आणि लहानू ती मान खाली घालून ऐकून घेत.

डिस्ट्रिब्यूटरनं मात्र त्यांना पहिलं वर्षभर रडवलं. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे जुन्या पेट्रोल गाडीतला वाढपी. चार सिलिंडरांची पंगत बसलेली असते. ठिणगी कुणाच्या पानात वाढायची आणि नेमकी कधी वाढायची, हे त्याच्याकडे. पिस्टन वर चढत येतो, पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि पिस्टन टोकाला पोहोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. लवकर पडली तर इंजिन उलटं लाथ मारतं. उशिरा पडली तर गाडी चढावर दम टाकते. लहानू हे अंशांत समजावून सांगायचे, दहा अंश, बारा अंश, आणि यमुताईंच्या डोक्यावरून जायचं. मग एकदा त्यांना आपसूक उमगलं. मागावर पावडी दाबली की ताण्याचे धागे उघडतात. त्या वाटेतून धोटा फेकायचा. आधी फेकला तर धागे तुटतात, उशिरा फेकला तर धोटा मधेच अडकतो. हात आणि पाय यांचं जमलं की कापड. इंजिनात पाय म्हणजे पिस्टन, हात म्हणजे ठिणगी. त्यानंतर त्यांनी अंश विचारले नाहीत.

आता वाडीत ट्रक सगळे डिझेलचे. डिझेलला ठिणगीच लागत नाही, त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर वर्षातून चार-पाच येतात. कुणाची हौसेची ॲम्बेसेडर, कुणाची जुनी पेट्रोल जीप. बाकी सगळ्या नागपुरात हे काम जाणणारी माणसं थकली किंवा गेली. यमुताईंकडे मात्र एक डिस्ट्रिब्यूटर दर वर्षी हमखास येतो, तो त्यांच्याच गाडीचा.

त्याचं कारण खंडेनवमी. नवमीला वाडीत सगळीच दुकानं पाने-पकडी धुऊन मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. लहानूंनी स्वतःचा एक नियम काढला होता. ज्या वस्तूवर हात शिकला ती वस्तू पाटावर पाहिजे. म्हणून दर नवमीला गाडीचा डिस्ट्रिब्यूटर निघतो, दोन दिवस पाटावर बसतो आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत इंजिनात जातो. परत बसवताना घोळ नको म्हणून पांढऱ्या रंगाची एक रेघ, अर्धी डिस्ट्रिब्यूटरवर, अर्धी इंजिनवर. काढायचा आणि रेघेला रेघ जुळवून बसवायचा. पाच मिनिटांचं काम.

यमुताईंनी त्यात आपल्या बाजूनं एक भर घातली होती. दुकानात जे जे फिरतं, त्याला तांदळाच्या ओल्या पिठाचं बोट आणि वर कुंकू. ग्राइंडर, पंखा, वाइंडिंगचं चाक, शिलाई मशीन. फिरणाऱ्या वस्तूवर आपलं पोट आहे, असा त्यांचा साधा हिशेब. यंदा कंबर धरली होती, म्हणून ते काम त्यांनी सुनेला सांगितलं होतं. "ध्यानात ठेवजो, जे फिरते त्याले बोट."

तर डिस्ट्रिब्यूटरवरची अर्धी रेघ गेली होती. इंजिनवरची अर्धी शाबूत होती, पण एकटी रेघ कुणाच्या कामाची? तरीही इंजिन जागचं हललं नसतं तर अंदाजानं बसवता आलं असतं. पण दसऱ्याच्या संध्याकाळी एका लांब ट्रेलरला वळायला जागा हवी होती, आणि मुलगा साहिल व शेजारचा टायरवाला प्रीतम या दोघांनी पद्मिनी दोन हात पुढे ढकलली होती. गाडी गिअरात होती. गाडीसोबत इंजिनही फिरलं होतं.

"म्हणजे आता शून्यापासून," यमुताई म्हणाल्या आणि पदर खोचला.

साडेबाराला आरटीओत का? पद्मिनीच्या नोंदणीची मुदत दर पाच वर्षांनी संपते, आणि ती दोन दिवसांनी संपणार होती. गणपतीत साहिलनं विषय काढला होता. तो पलीकडच्याच गोदामात सुपरवायझर आहे आणि आईसाठी बॅटरीची स्कूटी घ्यावी, हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. "आई, हिचे पार्ट भेटत नाही, ही पेट्रोल पिते, हिले आता जाऊ दे." यमुताई तडकल्या होत्या. "ही पहिल्या झटक्यात पास होते का नाही पाय. आरटीओची तारीख चुकली तरी नापास समजजो आणि खुशाल भंगारात देजो." शब्द त्यांचाच होता. साहिलनं तो जपून ठेवला होता.

स्कूटीला त्यांचा विरोध नव्हता. पण ट्रक बंद पडतो तो बाजारगावला, कोंढाळीच्या घाटात. फोन येतो. ट्रकचा सेल्फ वीस-पंचवीस किलोचा, वर अवजारांची पेटी, बॅटरी, तारांची भेंडोळी. हे स्कूटीवर बसत नाही. स्कूटी म्हणजे दुकानात बसून राहणं, आणि बाहेर जायचं तर साहिलला सुट्टी कधी मिळते ते विचारणं. हे गणित यमुताईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण केलं होतं.

साडेआठला श्वेताला गाडीमागे उभं केलं.

"मले ढकलाले सांगून राहिल्या का तुम्ही?"

"रेघ कोणं पुसली?"

श्वेता पारशिवनीची, बी.कॉम. झालेली, लग्नाला दोन वर्षं. सासूला घाबरणाऱ्यांतली नव्हे. "आधीच सांगते, आई. मले स्कूटी पायजे असती त मी सिधं सांगितलं असतं. रेघ पुसून नसती मागितली."

"म्या काही म्हटलं का?"

"म्हणाल्या नाही, पण पाहून राहिल्या न तशा."

यमुताईंनी चारही प्लग काढले, गाडी टॉप गिअरात टाकली आणि बॉनेटमधे वाकून पंख्याकडच्या पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबला. गाडी ढकलली की चाकं फिरतात, चाकांसोबत इंजिन. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. एकदा वाफ दाबत, एकदा नुसता धूर बाहेर टाकत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त अंगठ्याला कळतो.

"ढकल. हळू. अजून."

अंगठ्याखाली काही नाही. अजून एक हात. मग आतून हवेनं अंगठा वर उचलला, फुस्स.

"बस! आता नखभर नखभर."

खाली इंजिनच्या तोंडाशी पुली असते. तिच्या काठावर एक बारीक खाच आणि समोर इंजिनच्या झाकणावर एक रेघ. खाच रेघेसमोर आली की ठिणगीची वेळ. खाच सहज दिसावी म्हणून यमुताई तिच्यात दर उन्हाळ्यात पांढरा रंग भरतात. त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. पांढरी खूण अंधारातून छान वर येत होती. ती रेघेसमोर आली तशी त्यांनी हात वर केला आणि श्वेतानं ढकलणं थांबवून खिडकीतून ब्रेक ओढला.

पुढचं काम त्यांच्या हाताला पाठ होतं. डिस्ट्रिब्यूटर सरळ धरला. आतला रोटर, म्हणजे वाढप्याचा हात, पहिल्या सिलिंडरच्या तारेकडे केला आणि खाली सोडला. दातात दात बसल्याचं हाताला कळलं. मग आतल्या पॉइंटची, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या उघडझापीच्या दोन टोकांची, फट. ही फट मोजायला बाजारात पोलादी पट्ट्या मिळतात. यमुताईंकडे एका लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी आहे. पोलादी पट्टीशी एकदा ताडून पाहिली, बरोबर निघाली, तेव्हापासून तीच.

श्वेतानं मान लांब केली. पट्टीवर सोनेरी अक्षरांत 'चि. सा' एवढंच उरलं होतं.

"आई, ही आमची पत्रिका आहे!"

"हाव. कागद चांगला होता."

"मायं नाव कुठं गेलं मग?"

"ते मारुती व्हॅनच्या टायमाले झिजलं."

टायरच्या दुकानातून हसण्याचा आवाज आला. प्रीतम खुर्चीवर पाय वर घेऊन चहा पीत होता. दोन दिवस दीक्षाभूमीवर भोजनदानाच्या स्टॉलवर पोळ्या वाढून त्याचा आवाज बसला होता, पण जीभ शाबूत होती.

"काकू, दोर देऊ का? टोचन करून नेऊ आरटीओत. मी येतो न सोबत."

"तुया दोरानं तुये टायर बांध."

"डिझेलले असे नखरे नाही पाहा."

"डिझेलले अक्कल नाही गा, म्हणून नखरे नाही. दाबलं की पेटते. इथं येळ पाहा लागते."

यमुताईंनी बारा व्होल्टचा छोटा बल्ब काढला. त्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरला, दुसरी बॉडीला. चावी चालू केली आणि डिस्ट्रिब्यूटर केसाकेसानं फिरवला. बल्ब लागला की पॉइंट उघडले, म्हणजे ठिणगी त्या क्षणी पडणार. बल्ब लागला. त्यांनी नट आवळला, प्लग बसवले, तारा जोडल्या, एक-तीन-चार-दोन, आणि स्टेअरिंगवर बसून चावी फिरवली.

घर्र. टक.

सेल्फ कण्हला, इंजिनानं उलटा झटका दिला आणि कार्बोरेटर मोठ्यानं शिंकला. प्रीतमच्या चहावर माशी बसली होती, तीही उडाली.

"देव पाटावर बसून बिघडला वाटते," प्रीतम म्हणाला.

साडेनऊ झाले होते. यमुताई घाबरल्या नाहीत. अशी शिंक त्यांनी शेकडो ऐकली होती. धूर टाकणारा पिस्टन अंगठ्यानं चुकून दाबणारा समजला, तर वाढपी बरोबर उलट्या बाजूला वाढतो. नवशिके हीच चूक करतात. त्यांनी स्वतःला मनात एक शिवी दिली, डिस्ट्रिब्यूटर बाहेर काढला, प्लग काढले आणि श्वेताला परत मागे पाठवलं.

"आई, माया हात दुखून राहिला."

"माया अंगठा दुखून राहिला. ढकल."

फुस्स. पांढरी खूण समोर. बल्ब लागला. नट, प्लग, तारा. घर्र, टक, शिंक.

म्हणजे ती चूक नव्हती. मग यमुताईंनी तारांची क्रमवारी परत तपासली, बरोबर होती. पॉइंटची फट पाहिली, 'चि. सा' अलगद सरकत होता. कंडेन्सर बदलून पाहिला. कॉइलची तार काढून ठिणगी पाहिली, निळी आणि जाड. पेट्रोल येत होतं. सगळं बरोबर होतं आणि गाडी सुरू होत नव्हती. असा प्रकार यमुताईंना मनापासून आवडत नाही. गिऱ्हाइकांना त्या नेहमी सांगतात, गाडी खोटं बोलत नाही. आता गाडी बोलत होती आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

सव्वादहाला साहिलचा फोन आला. श्वेतानं स्पीकरवर टाकला.

"निघाल्या का?"

"निघतो," यमुताई म्हणाल्या.

"मागून आवाज काहून येत नाही इंजिनचा?"

"हळू आवाज आहे."

"आई, पद्मिनीचा आवाज मले गोदामात येते." मग तो हळूच म्हणाला, "पाय, जबरदस्ती नाही. पण तूच म्हटली होती."

"म्या काय म्हटलं ते मले माहीत आहे. तू तुये खोके मोज."

श्वेतानं फोन ठेवला. मग तिनं विचारलं, "आरटीओले जायाले किती वेळ लागते?"

"पाऊण घंटा. वर लाईन. साडेअकराले निघालंच पायजे."

प्रीतम आता खुर्ची सोडून बॉनेटपाशी आला होता. हसणं थांबलं होतं. तो यमुताईंसमोरच मोठा झाला होता आणि त्यांना एवढा वेळ एकाच इंजिनासमोर उभं असलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. "काकू, खरंच सांगतो, दोर लावू. आरटीओपर्यंत नेऊ, तिथं काही तरी..."

"तिथं इन्स्पेक्टर म्हणते, मावशी, चालू करा. मग मी काय दोर दाखवू त्याले?"

पावणेअकराला त्यांनी जे आधीच करायला हवं होतं ते केलं, म्हणजे काहीच केलं नाही. स्टुलावर बसल्या. उमरेडला त्यांची आई माग अडला की असंच करायची. पाय पावडीवरून काढायची, हात मांडीवर ठेवायची आणि पाहत राहायची. गाठ जिथं असते तिथं ती असतेच. आपण दुसरीकडे शोधत असतो.

इंजिन उलटी लाथ मारतं. म्हणजे ठिणगी लवकर पडते. लवकर, पण बल्ब तर खुणेवर बरोबर लागतो. पॉइंट बरोबर, अंगठा बरोबर. मग उरलं काय? खूण उरली. पण खूण त्यांच्या स्वतःच्या हातची. गिऱ्हाइकाच्या गाडीवर कुणी केलेली खूण असेल तर यमुताई तिच्याकडे पाहतसुद्धा नाहीत. दुसऱ्याच्या खुणेवर इंजिन बांधायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. स्वतःच्या खुणेला मात्र त्यांनी कधी प्रश्न विचारला नव्हता.

उन्हाळ्यात रंग भरला होता का? तसं काही आठवत नव्हतं. एप्रिलमधे कंबर धरली होती.

त्या उठल्या, चिंधी पेट्रोलमधे बुडवली, वाकल्या आणि पुलीवरची पांढरी खूण पुसली. इनॅमल पेंट पेट्रोलच्या एका पुसण्यात जात नाही. ही खूण गेली. पुलीचा काठ सपाट आणि काळा राहिला. खाच नव्हतीच तिथं. यमुताईंनी चिंधी नाकापाशी नेली. पेट्रोलमागे आंबूस, ओळखीचा वास होता, रात्रभर भिजवलेल्या तांदळाचा.

"श्वेता."

"काय?"

"इकडं ये. पुलीले पीठ कोणं लावलं?"

श्वेतानं आत पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं. पंख्याच्या मधोमध पांढरं बोट आणि वर कुंकू होतं. शेजारी डायनॅमोच्या चाकावरही होतं.

"मीच लावलं. तुम्हीच त म्हणाल्या, जे फिरते त्याले बोट. हे फिरते न?"

"फिरते."

"मग?"

"मग कुंकू काहून नाही लावलं वं त्याच्यावर? कुंकू असतं त मले कळलं असतं!"

"तिथवर येतायेता सरलं. मी म्हटलं, एवढ्या खाली कोण पाहते?"

प्रीतमला बसायला काही मिळेना म्हणून तो पद्मिनीच्या बंपरवर बसला आणि खांदे हलवत राहिला. बसलेल्या आवाजात हसणं म्हणजे नुसती हवा. "काकू... तुम्ही अडीच घंटे... पिठावर टायमिंग..."

"उठ तिथून. गाडी हलते."

यमुताईंनी पुलीचा काठ चिंधीनं पुसत नेला. काळ्या ग्रीसखाली, पिठाच्या जागेपासून बरोबर दोन बोटं मागे, नखाला खाच लागली. रंगाचा एक जुना कण तिच्यात अजून चिकटून होता. दोन बोटं म्हणजे पुलीवर फार नाही. पण धोटा तेवढ्यानं लवकर सुटला तर सगळा ताणा तुटतो.

अकरा वाजले होते. आता सांगायची गरज पडली नाही, श्वेता आपणहून मागे गेली. प्रीतमही गेला. पण दोघांनी लावलेल्या जोरानं गाडी दोन हात पुढे पळाली आणि यमुताईंचा अंगठा भोकात अडकता अडकता वाचला.

"हळू! पोळ्या वाढून राहिले का?"

फुस्स. नखभर. खाच रेघेसमोर. डिस्ट्रिब्यूटर काढला, एक दात मागे घेऊन परत सोडला. बल्ब. यावेळी त्यांनी तो दोनदा विझवून दोनदा लावून पाहिला. नट. प्लग. एक-तीन-चार-दोन. श्वेतानं तारा हातात देताना क्रम तोंडानं म्हटला आणि तो बरोबर होता, हे यमुताईंनी ऐकलं.

चावी फिरवली. इंजिन अर्ध्या फेरीत लागलं.

प्रीतमनं टायरवर हातोडीनं दोनदा वाजवलं. यमुताई स्टेअरिंगवर नव्हत्याच; त्या बॉनेटमधे कान घालून डिस्ट्रिब्यूटर केसभर इकडे, केसभर तिकडे करत होत्या. आवाज एका जागी येऊन गोल झाला, तिथं त्यांनी नट शेवटचा आवळला. पलीकडच्या गोदामातून फोन आला. श्वेतानं उचलून नुसता इंजिनाकडे धरला आणि बंद केला.

अकरा पस्तीसला गाडी निघाली. दत्तवाडीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला तेव्हा यमुताईंनी टॉप गिअरातच वेग कमी केला आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबला. इंजिनातून क्षणभर बारीक टकटक आली आणि थांबली. हेच हवं होतं. टकटक राहिली तर ठिणगी लवकर आहे, आलीच नाही तर उशिरा.

"जमलं?" श्वेतानं विचारलं.

"जमलं."

"मग एक सांगू? रेघ मी पुसली, पण पिठाचं तुमचंच आहे."

"निम्मं."

"पाऊण."

यमुताईंनी गिअर बदलला. पाऊण त्यांना मान्य असावं.

आरटीओच्या मैदानात पद्मिनीपुढे सात गाड्या होत्या. एक एक सरकत असताना यमुताई उतरल्या, बॉनेट उघडलं आणि पेटीतून हॅकसॉच्या पात्याचा तुकडा काढून पुलीवरची खाच खोल करायला लागल्या. पुढच्या गाडीचा मालक काच खाली करून पाहत राहिला. रांग हलली की श्वेता मागून ढकलायची. आता तिला सवय झाली होती.

इन्स्पेक्टर तरुण होता. कागद पाहिले, चेसिस नंबर पाहिला, दिवे, हॉर्न, वायपर. मग बॉनेटमधे डोकावला आणि पंख्यावरचं कुंकू, डायनॅमोवरचं कुंकू आणि चकाकणारा डिस्ट्रिब्यूटर बघून थांबला.

"मावशी, सगळ्या इंजिनाची पूजा केली का?"

"जे फिरते त्याची."

"चालू करून दाखवा."

यमुताईंनी चावी फिरवली. इन्स्पेक्टरनं कानानं जे ऐकायचं ते ऐकलं, मान हलवली आणि कागदावर सही केली. पाच वर्षं. श्वेतानं कागदाचा फोटो काढून साहिलला पाठवला. उत्तरात त्यानं नुसता अंगठा पाठवला.

परतीच्या वाटेवर यमुताईंचा फोन वाजला. बाजारगावला एक ट्रक उभा होता, कांद्याचा माल, सेल्फ फिरत नव्हता. "येतो," त्या म्हणाल्या.

"मले घरी सोडा न आधी," श्वेता म्हणाली. "सकाळपासून चहासुद्धा नाही घेतला."

"बाजारगावले भेटते चहा. पंचवीस किलोचा सेल्फ आहे, एकटीनं उतरत नाही मले."

वाडी आली. प्रीतम रस्त्याच्या कडेला दोर खांद्यावर टाकून उभा होता, गंमत करायची म्हणून. पद्मिनी त्याच्यासमोरून गेली, दुकानासमोरून गेली आणि थांबली नाही. श्वेतानं खिडकीतून हात बाहेर काढून त्याला आपल्या पीठ लावणाऱ्या बोटाचं टोक दाखवलं. ते सकाळपासून ग्रीसनं काळं झालं होतं.